तिसरी खाच

गिरिजाबाईंना प्रयोगशाळेचा जिना आता दोन दमांत चढावा लागे. मधल्या वळणावर खिडकी होती. तिथे थांबून त्या बाहेर पाहत, जणू मैदानावरची मुले काय उद्योग करतात याची पाहणी करायलाच थांबल्या आहेत. बाईंचे गुडघे धरतात हे साऱ्या विभागाला ठाऊक होते. पण त्यांच्यासमोर तो विषय काढण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. सत्त्याण्णव साल सरत आले होते. जानेवारीच्या अखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. जालन्याच्या या कॉलेजात पदार्थविज्ञानाचा विभाग त्यांनी एका रिकाम्या खोलीपासून उभा केला होता, आणि तो आता दुसऱ्याच्या हाती देताना त्यांना वाईट वाटत नव्हते, नुसता शीण वाटत होता. वाईट वाटायलाही अंगात थोडी ताकद लागते.

एकच काम उरले होते, आणि तेच हातून सुटत नव्हते. ते काम म्हणजे धर्मराज.

धर्मराज राजूरकडच्या एका खेड्यातला. छप्पन्नच्या दीक्षेनंतर त्याच्या आजोबांनी घरातले देव उतरवले आणि मुलांना शाळेत घातले. आई झुंबरबाई मात्र अजून लोकांच्या रानात निंदायला जात असे. तो बाईंच्याच हाताखाली शिकला आणि बाईंच्याच विभागात शिकवायला लागला. रुजू झाला त्या सकाळपासून बाईंनी त्याला एकेरी हाक मारणे सोडले. विद्यार्थी तोवर 'अरे', सहकारी झाला की 'अहो'. या नियमाला त्यांच्याकडे अपवाद नव्हता.

त्याचा पीएच.डी.चा विषय बाईंनीच सुचवलेला. विभागात गॅमा किरण मोजणारे एक यंत्र होते. शिशाच्या जाड विटांचे, हंड्याएवढे एक घर. त्याच्या छतातून खाली तोंड करून बसवलेला डिटेक्टर, आणि त्या डिटेक्टरच्या पोटात मिठासारख्या एका क्षाराचा पारदर्शक स्फटिक. किरण स्फटिकात अडकला की आत बारीकसा लखलखाट होतो, आणि यंत्र तो मोजते. पण सुटलेला प्रत्येक किरण काही स्फटिकाच्या तावडीत सापडत नाही. शंभर सुटले तर सापडले किती, ती त्या डिटेक्टरची कार्यक्षमता. ती दोन गोष्टींवर हलते: किरण सोडणारा पदार्थ स्फटिकापासून कुठे ठेवला, आणि त्या किरणाच्या अंगात ऊर्जा किती. या दोहोंचा नेमका हिशेब मांडायचा, एवढेच धर्मराजचे काम. ऐकायला एवढेच, करायला त्याची पाच वर्षे गेली होती.

त्याच्याकडे मुंबईहून आणलेल्या, शर्टाच्या गुंडीएवढ्या तीन चकत्या होत्या. अमेरिशियमचे किरण दुबळे, सीझियमचे मध्यम, कोबाल्टचे दांडगे. शिशाच्या घरात डिटेक्टरखाली एक चौकोनी स्टँड उभा असे. त्याला उतरंडीसारख्या खाचा होत्या. हव्या त्या खाचेत तबकडी सरकवायची आणि तबकडीवर चकती ठेवायची. अंतर कुणी पट्टीने मोजत नसे. पहिली खाच, दुसरी खाच, तिसरी खाच, अशीच भाषा या विभागात पहिल्यापासून चालत आली होती.

दसऱ्यापर्यंत सगळे सुरळीत होते. तिसऱ्या खाचेवरचे आकडे तर इतके देखणे आले की आलेखावर ठिपके मांडताच रेघ आपली आपण उठून दिसावी. दिवाळीनंतर, विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे, त्याने तेच मोजमाप पुन्हा घेतले. तीच चकती, तीच खाच, तेवढाच वेळ. आकडे उतरले. सीझियमचे रुपयात चार आणे गेले, कोबाल्टचे साडेतीन, अमेरिशियमचे पाच. कोबाल्ट जात्याच महिन्यामहिन्याने थोडा थकत जातो, माणसासारखा. पण ती घट त्याने आधीच वजा केली होती. तरी हा फरक उरलाच.

प्रयोगशाळेतला शिपाई कडूबा याने निदान करायला क्षणभरही लावला नाही.

"बाई, मशीनबी रिटायर व्हायला आलंय," तो म्हणाला. "तुमच्यासंगं जायाचं म्हणून हट्ट धरून राह्यलंय."

"तू आधी ती जाळी झाड," बाई म्हणाल्या. "माझ्यासोबत कोण जायचं ते मी ठरवीन."

मग विजेवर संशय गेला. औद्योगिक वसाहतीत लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या एकदम सुरू झाल्या की गावभरचे दिवे मान टाकतात, हे जालन्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वीज खालावली असती तर किरणांच्या ऊर्जेप्रमाणे यंत्राच्या पडद्यावर उठणारी शिखरे आपल्या जागेवरून सरकली असती. ती जागच्या जागीच होती, फक्त बुटकी झाली होती. धर्मराजने तारा बदलल्या, जोडण्या घासल्या, रविवारी भट्ट्या बंद असताना येऊन मोजले. आकडे उतरलेलेच राहिले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचे मार्गदर्शक डॉ. तातेराव औरंगाबादहून सकाळच्या गाडीने आले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या गळ्यात विद्यार्थ्यांची माळ होती, आणि प्रत्येकाची मुदत टळून गेलेली. त्यांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवून उजेडात धरले, चष्मा कपाळावर ढकलला, आणि धर्मराजकडे न पाहता बाईंशी बोलले.

"गिरिजाबाई, दोनच गोष्टी संभवतात. एक तर स्फटिकाला ओल धरली आहे. नाही तर पहिले आकडे घरी बसून तयार झाले आहेत."

पुढचे त्यांनी सावकाश सांगितले. दोनदा मुदत वाढवून मिळाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. महिनाअखेर विद्यापीठाच्या समितीपुढे सारी आकडेवारी ठेवायची होती. स्फटिक नासला असेल तर नवा येईतो वर्ष जाईल आणि नोंदणी रद्द होईल. आणि दुसरी गोष्ट खरी असेल तर ती मोजमापे आपण समितीपुढे ठेवणार नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा येतो, तोवर काय ते पाहा, असे म्हणून त्यांनी चहा घेतला.

धर्मराजने घेतला नाही. त्याने तिन्ही चकत्या शिशाच्या डबीत ठेवल्या, डबी कपाटात ठेवली, कुलूप लावले, आणि तास घ्यायला निघून गेला. बाईंनी पाहिले, की खडू त्याच्या हातात होता आणि तरी तो खडू शोधत होता. दर दिवाळीला झुंबरबाई त्याला विचारी, "झालास का रे डाक्टर?" आणि गावातल्या बाया हसत, की याच्या डाक्टरकीत सुई न्हाई का गोळी न्हाई. हे त्यानेच एकदा हसत सांगितले होते. या दिवाळीचे त्याने काही सांगितले नव्हते.

बाईंना आता घरी जाऊन पाठ टेकावी असे वाटत होते. रोज वाटत होते. आपण एवढे केले, आता ज्याचे त्याने पाहावे, असा विचार मनात आला तेव्हा त्यांनी तो येऊ दिला, बसू दिला, आणि मग उठवून लावला. हा मुलगा आकडे घरी बसून करणारा नव्हता. ते त्यांना ठाऊक होते. पण ठाऊक असणे म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांनीच तीस वर्षे मुलांना शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या यंत्रासमोर स्टूल घेऊन बसल्या. ओलीचा विचार त्यांनी पहिल्यांदा घेतला. हा क्षार मिठाच्या जातीचा. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाणी सोडते तसा हाही हवेतली ओल पितो आणि वरून पांढुरका पडतो. मग काय होईल? दुबळे किरण त्या नासक्या कातडीतच मरतील. दांडगे मात्र ती ओलांडून खोल शिरतील आणि जवळजवळ पूर्वीइतकेच मोजले जातील. म्हणजे अमेरिशियमची धूळधाण व्हावी आणि कोबाल्टचा अर्धा आणाही न जावा. इथे तर कोबाल्टचे साडेतीन आणे गेले होते. शिवाय ओल धरली की पडद्यावरची शिखरे फुगून पसरट होतात, आणि इथली शिखरे सुईसारखी सडपातळ होती.

ओल नव्हती. मग तिघांनाही जवळपास सारखाच फटका कोण देईल?

अंतर देईल, दुसरे कोण. चकती लांब गेली की स्फटिक तिला लहान दिसू लागतो, मग किरण दुबळा असो की दांडगा.

"चकती कुठे ठेवली होती?" त्यांनी धर्मराजला हाक मारून विचारले.

"तिसऱ्या खाचेत, बाई."

"पहिल्या वेळी?"

"तिसऱ्याच."

त्याचा आवाज हट्टी नव्हता, फक्त दमलेला होता. हाच प्रश्न त्याने स्वतःला किती वेळा विचारला असेल ते त्या आवाजावरून कळत होते. बाईंनी मान हलवली आणि शिशाच्या घराचे दार उघडायला सांगितले. स्टँड त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि टेबलावर आडवा ठेवला.

स्टँडच्या खालच्या कडेला कुंकवाचे बोट होते.

बाई बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिल्या. ते त्यांचेच होते. आणि त्यांनी ते वरच्या कडेला लावले होते.

बाईंचे माहेर शहागडचे. खंडेनवमीला त्यांचे वडील नांगराचा फाळ, विळे, तराजू आणि आजोबांची गंजलेली तलवार अशी सगळी पाटावर मांडून पूजा करीत. ज्या हत्यारावर पोट, त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान. बाईंनी ते प्रयोगशाळेत आणले. यंत्रे पुसायची, टेबलावर मांडायची, प्रत्येकाला कुंकवाचे बोट आणि झेंडूचे फूल. दसरा झाला की कुंकू ओल्या फडक्याने पुसून सारे जागच्या जागी. हे पुसणे आणि ठेवणे त्या स्वतः करीत, दुसऱ्याच्या हाती देत नसत. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान अण्णासाहेब गेले, तेव्हा कॉलेजात कुजबूज झाली की आता कुंकू दुसऱ्या कुणी लावावे. ती कानावर आली त्या वर्षी बाईंनी टेबलाच्या पायांनासुद्धा कुंकू लावले. त्यानंतर कुणी कुजबुजले नाही.

धर्मराज त्या दिवशी ग्रंथालयात बसे. दरवर्षी. त्याने कधी कारण सांगितले नाही आणि बाईंनी कधी विचारले नाही. पण त्याची रिकामी जागा त्यांना दिसत असे, आणि दिसते हे त्यालाही कळत असे. यंदा मात्र तो सकाळीच बाह्या सरसावून हजर झाला. बाईंनी भुवई उंचावली तेव्हा म्हणाला, "पूजा तुमची, बाई. पुसणं माझं." त्याने हात जोडले नाहीत, फूल वाहिले नाही. पण एकूण एक यंत्र त्याने पुसले, स्टँड धुऊन उन्हात वाळवला, आणि बाईंना जिना चढउतार पडू नये म्हणून दसऱ्यानंतर सारे आपल्या हातांनी जागेवर लावले. हे बाईंचे शेवटचे वर्ष होते. तो का आला हे त्यांना समजले होते, आणि त्या सुखावल्या होत्या. इतक्या सुखावल्या, की या वेळी कुंकू पुसायची आठवण त्यांना राहिली नाही.

"हा स्टँड आत कसा ठेवला होता?" त्यांनी विचारले.

धर्मराज पुढे आला, कुंकवाकडे पाहिले, आणि त्याला आठवले. आठवताना त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. जे केले ते योग्यच, अशा भावाने तो सांगू लागला. वरची कड डिटेक्टरच्या तोंडाला टेकते. कुंकू तसेच राहिले असते तर डिटेक्टरच्या पातळ झाकणाला लागले असते. म्हणून ती बाजू त्याने खाली केली. दोन्ही बाजू सारख्याच तर आहेत.

"पुसायचं होतं," बाई म्हणाल्या.

तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही लावलेलं कुंकू माझ्या हातानं कसं पुसू, बाई?"

कडूबा झाडता झाडता थांबला. बाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले. तो बादली घेऊन बाहेर गेला.

अण्णासाहेब गेले तेव्हा, तेराव्याच्या आधी, नात्यातल्या कुणा बाईने गिरिजाबाईंच्या कपाळावरचे कुंकू पुसले होते. तिला ते करताना काही जड गेल्याचे दिसले नव्हते. गिरिजाबाईंनी पदर सारखा केला, आणि स्टँड उजेडाकडे फिरवला.

"दोन्ही बाजू सारख्या नाहीत रे," त्या म्हणाल्या. आपण 'रे' म्हणालो हे त्यांच्या ध्यानात आले नाही; त्याच्या आले.

त्यांनी त्याला दाखवले. हा स्टँड विभाग नवा होता तेव्हा त्यांनी इथल्याच एका सुताराकडून करवून घेतला होता. त्याने एका टोकापासून मापाने खाचा पाडत नेल्या, आणि उरली ती लांबी दुसऱ्या टोकाला तशीच सोडली. एका बाजूला पहिल्या खाचेच्या वर अंगठ्याएवढी कोरी जागा. दुसऱ्या बाजूला त्याहून बोटभर जास्त. अंधाऱ्या शिशाच्या घरात तो फरक दिसत नसे, आणि बघायचे कुणाच्या मनातही येत नसे. स्टँड उलटा झाला की वरून मोजलेली तिसरी खाच तिसरीच राही, फक्त बोटभर लांब जाई.

धर्मराजने स्टँड सुलटा आत ठेवला. कुंकू झाकणाला लागू नये म्हणून कडेवर कागदाचा कपटा ठेवायला तो विसरला नाही. सीझियमची चकती तिसऱ्या खाचेत सरकवली, दार लावले. दोघे आकडा चढताना पाहत बसले. थांबला तेव्हा तो दसऱ्याआधीचाच आकडा होता, उगाच इकडेतिकडे. मग त्याने स्टँड उलटा केला. चार आणे गेले. पुन्हा सुलटा केला, परत आले.

तो टेबलाला टेकला, आणि खरे म्हणजे त्याने हसायला हवे होते. पण त्याने दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले आणि तसाच उभा राहिला. बाईंनी त्याला उभे राहू दिले.

नंतर त्याने हळूच विचारले, की हे तातेराव सरांना कसे सांगायचे. समितीत लोक हसतील. म्हणतील, पूजेला कधी गेला नाही आणि गेला तर पदवी घालवून बसला. आपल्या वस्तीतही हे कळेल. तिथले लोक हसणार नाहीत, आणि ते जास्त वाईट.

"तुम्ही काही सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. 'तुम्ही' पुन्हा जागेवर आले होते. "कॅलिपर घ्या. दोन्ही बाजूंनी अंतर मोजा. आजपासून या खोलीत खाच कुणी मोजणार नाही, अंतर मोजतील. तिन्ही चकत्या, दोन्ही अंतरांवर, शुक्रवारच्या आत पुन्हा घ्या."

शुक्रवारी तातेराव आले तेव्हा जिना बाई एकाच दमात चढल्या, आणि वर पोचल्यावर लागलेली धाप कुणाला कळू नये म्हणून उगाच कपाटाशी काहीतरी शोधत उभ्या राहिल्या. धर्मराजने मांडणी दाखवली, स्टँड सुलटा-उलटा करून आकडे काढून दाखवले. तातेराव ऐकत होते. त्यांची शंका एका जागी अडली. अंतरच वाढले असेल तर तिघांचीही घट अगदी सारखी का नाही? अमेरिशियमचे पाच आणे आणि कोबाल्टचे साडेतीन, हे कसे?

धर्मराज शास्त्रात उत्तर देऊ लागला. पण बाईंना उभे राहवत नव्हते, आणि त्यांना हे लवकर संपवायचे होते.

"तातेराव, दुबळा किरण स्फटिकाच्या ओसरीवरच अडकतो," त्या म्हणाल्या. "दांडगा माजघरापर्यंत जातो. आता घर रस्त्यापासून बोटभर मागे सरकवा. ओसरीपर्यंत जाणाऱ्याला ते बोट जाणवेल. ज्याला माजघरापर्यंत चालायचंच आहे त्याची वाट आधीच लांब; त्याला ते कमी जाणवेल."

तातेरावांनी कागदावर एक आकडेमोड केली. ती जमली असावी, कारण त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, मग हे दिवाळीनंतरचे मोजमाप चुकीचे नाहीच. ते दुसऱ्या अंतराचे मोजमाप आहे. प्रबंधात ते स्वतंत्र प्रकरण होईल, समितीपुढे मी ठेवीन. आणि मग, धर्मराजकडे वळून, त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याशी थेट बोलत म्हटले, की मागच्या खेपेला मी जे बोललो ते बोलायला नको होते. धर्मराजने मान हलवली. ती क्षमा होती की नुसती ओळख, ते बाईंना सांगता आले नसते.

"पण स्टँड उलटा झाला कसा?" तातेरावांनी जाता जाता विचारले. "प्रकरणात कारण लिहावं लागेल."

धर्मराजने तोंड उघडले होते.

"माझ्यामुळे," गिरिजाबाई म्हणाल्या. "दसऱ्याच्या साफसफाईत. विभागप्रमुखांच्या सूचनेनुसार यंत्र खाली काढलं, असं लिहा. माझी सही लागत असेल तर जानेवारीअखेरपर्यंत मिळेल."

तातेरावांनी एकदा बाईंकडे, एकदा धर्मराजकडे पाहिले. त्यांनाही गाडी गाठायची होती. ते गेले.

संध्याकाळ होत आली होती. वसाहतीतल्या भट्ट्या सुरू झाल्या असाव्यात, कारण दिवा पिवळा पडला. धर्मराज चकत्या डबीत भरत होता. बाईंनी कडूबाकडून फडके मागितले, बादलीत बुडवून पिळले, आणि स्टँड मांडीवर घेतला. कुंकू दोन महिन्यांत घट्ट बसले होते; एका हाताने निघेना. त्या दम घेत, थांबत थांबत, पुसत राहिल्या.

"बाई, द्या मी पुसतो," कडूबा म्हणाला. "तुमच्यानं न्हाई होऊन राह्यलं."

"होतं," बाई म्हणाल्या.

कड स्वच्छ झाल्यावर त्यांनी स्टँड उजेडात धरून एकदा पाहिला, आणि धर्मराजच्या हाती दिला. त्याने तो आत ठेवण्यापूर्वी कोरी जागा बोटाने चाचपली, लहान बाजू वर केली, आणि शिशाचे दार लावले.

बाई जिन्याशी आल्या. उतरणे चढण्यापेक्षा वाईट असते. त्यांनी कठडा धरला. मागून पावले आली आणि एक पायरी सोडून थांबली. आधार द्यायला हात पुढे आला नाही, कारण तो देणे म्हणजे गुडघ्याचा विषय काढणे होते. मधल्या वळणावर त्या खिडकीशी थांबल्या, बाहेरच्या रिकाम्या मैदानाकडे पाहू लागल्या. धर्मराजही थांबला, आणि तोही मैदानाकडे पाहू लागला.